स्वस्तातला हायड्रॉलिक प्रेस घेताना

(रौप्यमहोत्सवी वर्षात आपल्या सभागृहात सभासदांनी दिलेल्या व्याख्यानांपैकी एकाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादन समिती)



याच सभागृहात याआधी दोन व्याख्यानं झाली. एक मधुमेहावर, दुसरं मृत्युपत्रावर. दोन्ही वेळा खुर्च्या कमी पडल्या. आज विषय हायड्रॉलिक प्रेसचा आहे म्हटल्यावर सचिवांनी चहाबरोबर बटाटेवडे ठेवले. त्यांचा हिशोब बरोबर होता, हे समोर बघून कळतंच आहे.

सोसायटीत प्रेस म्हटलं की गेटजवळचा इस्त्रीवाला आठवतो. तो प्रेस नव्हे. माझ्या गॅरेजमध्ये कोपऱ्यात निळ्या रंगाची, दाराच्या चौकटीसारखी एक लोखंडी चौकट उभी आहे, मुलं तिला ‘काकांचा गोलपोस्ट’ म्हणतात, ती. वरच्या बाजूला एक जॅक, मध्ये आडवा पलंग, म्हणजे बेड. हँडल मारलं की वरचा दांडा खाली येतो आणि मधल्या वस्तूवर काही टनांचा दाब देतो. बेअरिंग बसवणं, काढणं, बुश ठोकणं, वाकलेला रॉड सरळ करणं, अशी कामं त्यावर होतात. वर्कशॉपमध्ये असतो म्हणून त्याला शॉप प्रेस म्हणतात. गेल्या काही वर्षांत आपल्यातल्या चार-पाच जणांनी मला विचारलं, “काका, असा एखादा स्वस्तातला घ्यायचा तर कोणता घेऊ?” प्रत्येकाला मी तुकड्या-तुकड्यात उत्तर दिलं. आज सगळं एकत्र सांगतो. त्यात एक गोष्ट अशी आहे की ती सांगायला मला बरीच वर्षं लागली.

आधी हा प्रेस माझ्याकडे आला कसा ते सांगतो, कारण त्याला आपली सोसायटीच कारणीभूत आहे.

२००९ची दिवाळी. जुन्या सभासदांना आठवत असेल, वसुबारसेच्या दिवशी खालच्या टाकीवरचा मोनोब्लॉक पंप गिरणीसारखा ओरडायला लागला. पंपवाला गावी गेलेला. बेचाळीस रो-हाऊस, प्रत्येकाकडे पाहुणे, आणि वरच्या टाकीत जेमतेम दीड दिवसाचं पाणी. मी सातपूरला कारखान्यात मेंटेनन्सला होतो, त्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आणि दोघा-तिघांनी मिळून पंप खोलला. बेअरिंग गेलं होतं. नवीन बेअरिंग मिळालं, पण बसवायचं कशाने? कारखाना बंद, अंबडच्या वर्कशॉपना कुलुपं. मग हातोडा घेतला, पाइपचा तुकडा घेतला आणि ठोकून ठोकून बसवलं. पाणी चढलं. मला अध्यक्षांनी हार घातला, त्याचा फोटो ऑफिसात अजून आहे.

तीन आठवड्यांनी तेच बेअरिंग पुन्हा ओरडायला लागलं. याचा फोटो नाही.

झालं काय होतं, ते समजून घ्या, कारण प्रेस कशासाठी लागतो ते त्यात आहे. बेअरिंगला दोन कड्या असतात, आतली आणि बाहेरची. मध्ये गोळ्या. शाफ्टवर बेअरिंग चढवायचं तर दाब आतल्या कडीवर द्यायचा. घरात, म्हणजे हाउसिंगमध्ये, बसवायचं तर बाहेरच्या कडीवर. उलट केलंत की सगळा दाब गोळ्यांमधून जातो आणि गोळ्यांचे खळगे कड्यांवर उमटतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण फिरताना प्रत्येक खळग्यावर गोळी आपटते. माझा पाइप थोडा मोठा होता आणि घाई फार होती. हातोडा कुठे बसला असेल ते सांगायला नको. पुढे रोटर अंबडला नेला, तिथल्या कारागिराने बरोबर मापाचा ठोकळा ठेवून प्रेसवर दहा मिनिटांत बेअरिंग बसवून दिलं. आवाज नाही, घाम नाही. ते बेअरिंग चार वर्षं चाललं.

तेव्हा मी ठरवलं, निवृत्तीआधी आपल्या गॅरेजमध्ये असा एक प्रेस आणायचाच. सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, “अहो, आधी ओट्याखालचा नळ बघा.”

आता थोडं शास्त्र. मुलांच्या पुस्तकात पास्कलचा नियम आहे. बंद भांड्यातल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. जॅकमध्ये एक बारीक पिस्टन आणि एक जाड पिस्टन असतो. समजा, बारीक पिस्टनचा व्यास १२ मिलिमीटर आणि जाडाचा ४८. व्यास चौपट, म्हणून क्षेत्रफळ सोळापट. त्यात हँडलची तरफ पंधरापट जोर वाढवते असं धरा. तुम्ही हाताने २५ किलोचा जोर लावला तर बारीक पिस्टनवर ३७५ किलो, आणि जाड पिस्टनवर त्याच्या सोळापट, म्हणजे ६००० किलो. सहा टन! घर्षण सोडून दिलं आहे. पंचवीस किलो म्हणजे तांदळाची एक गोणी. अर्थात फुकट काही मिळत नाही. बारीक पिस्टन सोळा मिलिमीटर सरकतो तेव्हा जाड एक मिलिमीटर सरकतो, म्हणून हँडल मारत बसावं लागतं. आणि त्या वेळी आतल्या तेलाचा दाब चौरस सेंटिमीटरला ३३० किलोच्या आसपास असतो. आपल्या गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन असतो. हा आकडा डोक्यात ठेवा.

या तत्त्वावरच्या प्रेसचं पेटंट जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने १७९५ साली घेतलं. हाच माणूस कुलपांसाठीही प्रसिद्ध होता, आणि त्याआधी १७७८ मध्ये त्याने संडासाच्या फ्लशमधल्या सुधारणेचं पेटंट घेतलं होतं. म्हणजे आपल्या तक्रारवहीतले निम्मे विषय त्याच्याच खात्यातले. माझा स्वतःचा या यंत्राशी संबंध लहानपणापासूनचा. वडील धुळ्याला जिनिंग-प्रेसिंगमध्ये कामाला होते. सरकी काढलेली भुसभुशीत रुई प्रेसमध्ये दाबली जाऊन १७० किलोची टणक गाठ बाहेर पडायची. डोंगराएवढ्या रुईचा ठोकळा होताना बघितलेला मुलगा पुढे कवी झाला नाही, फिटर झाला.

तर मुद्द्यावर येतो. २०११ साली मी पहिला प्रेस घेतला. दुकानात गेलो, आणि मी, मेंटेनन्समधला जुना माणूस, गिऱ्हाइकासारखा वागलो. तीन गोष्टी बघितल्या. किती टन, किती रुपये आणि रंग कसा. टेबलावर ठेवायचा छोटा प्रेस, वर ‘१२ टन’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, किंमत साडेसहा हजार. कंपनीचं नाव सांगत नाही, आणि सांगण्यासारखं ठळक नाव त्यावर नव्हतंही. पंपाच्या बेअरिंगला टनभरसुद्धा जोर पुरतो, मग बारा टन म्हणजे चैनच, असा माझा विचार.

टनाचा आकडा जॅकचा असतो, हे तेव्हा मी लक्षात घेतलं नाही. कळायला हवं होतं. बारा टनांचा जॅक बाजारात सुटा मिळतो. तो कोणत्याही चौकटीत बसवता येतो. चौकटीला बारा टन सोसतात का, बेडला सोसतात का, बेडवरच्या प्लेटला सोसतात का, हे तीन वेगळे प्रश्न. स्वस्त प्रेस बनवणारा पैसे वाचवतो ते जॅकमध्ये नाही, या तिघांत. आणि या तिघांतही सगळ्यात आधी प्लेटमध्ये.

प्लेट म्हणजे काय, तर बेडच्या दोन चॅनलवर आडवे ठेवायचे दोन जाड ठोकळे. त्यांना खाचा असतात, वस्तू त्यांवर टेकवायची. माझ्या प्रेसबरोबर आलेल्या प्लेट बिडाच्या होत्या, ओतीव. वजनदार, दिसायला मजबूत. बीड दाबायला उत्तम. पण वाकवायला गेलात तर ते वाकत नाही, तुटतं. आणि दोन चॅनलच्या मध्ये अधांतरी ठेवलेल्या प्लेटवर वरून जोर दिला की ती वाकायलाच बघते. साधं लोखंड, ज्याला आपण एमएस म्हणतो, ते आधी पोट काढतं, तुम्हाला दिसतं, तुम्ही थांबता. बीड काही सांगत नाही.

आता ती गोष्ट. ज्यांच्याबद्दल आहे ते शेजारी इथे बसले आहेत, त्यांना विचारूनच सांगतो आहे.

२०१२च्या मे महिन्याची सुट्टी. त्यांचा मुलगा तेव्हा आठवीत. दिवसभर माझ्या गॅरेजमध्ये असायचा. पाना दे म्हटलं की बरोबर चौदा नंबरचा द्यायचा, हुशार पोरगा. त्या दिवशी एका मोटरसायकलच्या मागच्या फोर्कचा गंजलेला बुश काढायचा होता. प्रेसवर लावला. हँडल मारलं, मारलं, बुश हलेना. हँडल जड झालं. तेव्हा मी ती गोष्ट केली जी कारखान्यात एखाद्या पोराने केली असती तर मी त्याला गेटबाहेर काढला असता. हँडलवर पाइप चढवला. हँडल दुप्पट लांब, जोर दुप्पट. प्रेसला गेज नव्हतं, त्यामुळे आत किती दाब झाला ते सांगणारं कोणी नव्हतं. हँडलचं जड होणं हीच एक खूण होती, ती मीच पाइप लावून पुसून टाकली.

सुतळी बॉम्बसारखा आवाज झाला. मला वाटलं बुश निघाला. बघतो तर एक प्लेट दोन तुकडे. एक तुकडा खाली पडलेला, दुसरा दिसेना. मुलगा जागच्या जागी उभा, पांढराफटक. मी म्हटलं, “लागलं का रे?” तो म्हणाला, “नाही काका.” मग त्याने बोट दाखवलं. त्याच्या डाव्या हाताला, वीतभर अंतरावर, प्लायवूडच्या दारात तो तुकडा रुतला होता. त्याच्या छातीच्या उंचीवर.

दार अजून तेच आहे. भोक बुजवलेलं नाही, कोणाला बघायचं असेल तर या.

तुटलेला तुकडा मी नंतर नीट बघितला. तुटीवर करड्या दाण्यांच्या मध्ये हरभऱ्याच्या डाळीएवढी एक पोकळी होती. ओततानाची हवा. म्हणजे प्लेट आधीपासूनच कच्ची होती. पण ही माझी सुटका नाही. प्लेट कच्ची होती, पाइप माझा होता, आणि पोराला समोर मी उभं केलं होतं. डोळ्यांवर त्याच्या चष्मा नव्हता, माझ्याही नव्हता.

आणखी एक गोष्ट माझ्या नावावर आहे. त्याच्या वडिलांना मी त्या दिवशी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मुलालाही म्हटलं, घरी उगाच काळजी करतील. तिसऱ्या दिवशी सौ.ने सांगितलं, “तुम्ही जाता का मी जाऊ?” तेव्हा गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, “त्याला गप्प राहायला सांगायला नको होतंत.” त्यानंतर पाच-सहा महिने आमचं बोलणं नमस्कारापुरतंच राहिलं. गणपतीत आरतीला शेजारी उभे राहायचो, पण तेवढंच. मुलगा गॅरेजमध्ये यायचा बंद झाला. ते बरोबरच होतं.

पहिला प्रेस मी भंगारात दिला. विकला असता तर दीड-दोन हजार आले असते, पण ती दुसरी प्लेट कोणाच्या तरी गॅरेजमध्ये गेली असती. दोन वर्षं काही घेतलं नाही. मग दुसरा बघायला लागलो, तेव्हा मात्र फिटरसारखा बघितला. काय बघितलं ते सांगतो, हाच आजचा मुख्य भाग.

पहिलं, उंची. टेबलावरचा छोटा प्रेस स्वस्त पडतो, जागा कमी लागते, पण त्यात मावतं काय? पंपाचा रोटर शाफ्टसकट फूटभर लांब. छोट्या प्रेसमध्ये तो उभाच राहत नाही, मग तिरपा धरायचा मोह होतो. जमिनीवर उभा राहणारा, पुरुषाच्या छाती-खांद्याएवढा घ्या. त्याचा बेड वर-खाली करता येतो. रुंदीचा मात्र हव्यास नको. दोन खांबांतलं अंतर दुप्पट केलं तर त्याच जोराला बेड आठपट वाकतो. दुप्पट नव्हे, आठपट. इंजिनिअरिंगला असलेली मुलं मागे मान डोलवताहेत. तेव्हा वीस इंच आत मिळाले की पुष्कळ.

दुसरं, बेडचे चॅनल. टेप घेऊन जा. चॅनलची उभी उंची मोजा. ७५ मिलिमीटरचा चॅनल आणि १०० मिलिमीटरचा चॅनल शेजारी ठेवले तर फार फरक वाटत नाही, पण वाकण्याला विरोध करण्यात शंभरचा जवळजवळ अडीचपट ताकदवान असतो. किमतीत फरक लोखंडाच्या वजनाचा. पत्रा वाकवून चॅनलसारखा आकार दिलेला असेल तर परत या. चॅनलच्या कडा बोटाने चाचपा. कारखान्यात रोल केलेल्या चॅनलचा कोपरा आतून जाड असतो, वाकवलेल्या पत्र्याचा सगळीकडे सारखा.

तिसरं, वरची आडवी तुळई आणि तिचं वेल्डिंग. सगळा जोर शेवटी तिथे जातो. खाली वस्तू दाबली जाते म्हणजे वर तुळई उचकटली जाते. वेल्ड अखंड हवा, माशांच्या खवल्यांसारखा एकावर एक चढलेला. मध्ये भोकं, थेंब, रंगाखाली पुट्टी, असं काही दिसलं तर नको. काही जण म्हणतात, आमचा ग्रिलवाला करून देतो प्रेस. ग्रिलवाला ग्रिल छान करतो. ग्रिल तुटली तर कुंडी पडेल. प्रेसचं काम ज्याने आधी केलं आहे त्यालाच द्या, नाहीतर तयार घ्या. चौकट काटकोनात आहे का तेही बघा. सुतळीने दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले पाहिजेत, आणि दांड्यावरून ओळंबा सोडा. तिरप्या चौकटीत वस्तू तिरपी दाबली जाते आणि साबणाच्या वडीसारखी निसटते, फक्त वेग वेगळा.

चौथं, जॅक. स्वस्त प्रेसमध्ये गाडी उचलायचा बाटली जॅकच बसवलेला असतो. तो उभाच चालतो. उलटा केला की आतलं तेल एकीकडे, हवा दुसरीकडे जाते आणि पंप हवा ओढतो. म्हणून अशा प्रेसमध्ये जॅक सरळ उभा ठेवून सगळा जॅकच खाली सरकतो, दोन स्प्रिंग त्याला परत वर ओढतात. चालतं, वाईट नाही. पण थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील असं असेल तर वेगळा हातपंप, नळी, आणि वर पक्का बसवलेला सिलिंडर असा घ्या. त्याला गेज असतं. पाइपची गोष्ट ऐकल्यावर गेज कशाला ते सांगायला नको. माझ्या आताच्या प्रेसचा पिस्टन ६० मिलिमीटरचा, क्षेत्रफळ अठ्ठावीस चौरस सेंटिमीटरच्या वर थोडं. गेजवर १०० दिसलं की अठ्ठावीसशे किलो. हा हिशोब रंगाने चौकटीवरच लिहून ठेवला आहे, आणि ३५०वर लाल रेघ मारली आहे. साधारण दहा टन. प्रेस वीस टनांचा आहे. उरलेले दहा टन मी वापरत नाही. ते विकत घेतले आहेत ते न वापरण्यासाठी.

जुना घेत असाल तर, मीही जुनाच घेतला, एक वर्कशॉप बंद होत होतं तिथून चौदा हजारांना. भाव तेव्हाचा, आता तो धरू नका. एक परीक्षा करा. एमएसचा जाड ठोकळा ठेवून दाब चढवा, गेजचा काटा कुठे आहे त्यावर पेन्सिलने खूण करा, आणि मालकाला म्हणा, चहा सांगा. चहा पिऊन परत बघा. काटा थोडा उतरला तर सील बदलून भागेल, तेवढे पैसे कमी करायला सांगा. सरसर उतरला तर चहाचे आभार माना आणि निघा. तेल कोणतं घातलं आहे तेही विचारा. काही जण ब्रेक ऑइल ओततात. त्याने साधी रबरी सीलं फुगतात आणि वाया जातात. ३२ किंवा ४६ नंबरचं हायड्रॉलिक ऑइल लागतं.

पिनांबद्दल एक सांगतो. बेड ज्या पिनांवर टेकतो त्या आरपार गेल्या पाहिजेत, आणि दोन्ही बाजूंना एकाच ओळीतल्या भोकात. हसू नका, एक भोक वर-खाली होतं, माझंही झालं आहे. पिना हरवल्या म्हणून सळईचे तुकडे लावलेले मी पाहिले आहेत. बेड हलवताना तो एकट्याने उचलू नका. माझा बेड तीस किलोच्या वर आहे. सिलिंडरच्या दांड्याला साखळी अडकवून मी बेड त्यावर टांगतो आणि मग पिना काढतो. पायाची बोटं दहाच मिळतात.

आता प्लेट. नवीन प्रेसबरोबर ज्या येतील त्या बिडाच्या आहेत का ते आधी बघा. कडेला कानस मारली की बिडाचा काळसर भुगा पडतो, लोखंडाचा चमकदार कीस. बिडाच्या असतील तर त्या दुकानातच ठेवून या. अंबड लिंक रोडचा भंगार बाजार तेव्हा होता, तिथून मी २५ मिलिमीटर जाडीच्या एमएस प्लेटचे दोन तुकडे वजनावर घेतले. सहा इंच बाय एक फूट, एकेक साधारण नऊ किलोचा. एका वर्कशॉपमध्ये खाचा पाडून घेतल्या. सगळं मिळून दोन हजारांच्या आत. स्वस्त प्रेस घेणाऱ्याने हा खर्च प्रेसच्या किमतीतच धरावा. बेअरिंगच्या मापाचे ठोकळे, नळ्या, चकत्या मी लेथवर एमएसच्याच करून घेतल्या. हाताला येईल तो बॉक्स पाना मध्ये ठेवून दाबायची सवय अनेकांना असते. पाना कडक केलेला असतो, बेअरिंगची कडीही कडक, आणि कडक वस्तू फुटते तेव्हा काचेसारखी फुटते. जुनं बेअरिंग काढताना मी त्यावर जाड गोणपाट आणि कन्व्हेअर बेल्टचा तुकडा गुंडाळतो. समोर साखळीला एक लोखंडी जाळी टांगली आहे. आणि मी बाजूला उभा राहतो, समोर कधीच नाही.

कमिटीचं ते पत्रही सांगायला हवं. प्रेस आल्यावर पंधरा दिवसांत मला पत्र आलं, की आपण गॅरेजमध्ये वीस टन क्षमतेचं यंत्र बसवल्याचं समजतं, त्यामुळे इमारतीच्या पायाला धोका आहे का, याचा खुलासा करावा. तेव्हाचे सचिव समोर आहेत, लाजू नका, प्रश्न चांगला होता. उत्तर असं, की वीस टन हे चौकटीच्या आतल्या आत राहतात. वर जेवढं ढकललं जातं तेवढंच खाली, दोन्ही खांबांतून ओढ जाऊन हिशोब तिथेच मिटतो. जमिनीवर फक्त प्रेसचं वजन येतं, माझ्या प्रेसचं नव्वद किलो. आमच्या फ्रिजच्या आसपास. आवाजही नाही. उलट हातोडा बंद झाल्यामुळे दुपारची झोप सुधारली, असं पलीकडच्या काकूंनी मला स्वतः सांगितलं आहे. फक्त तो डोक्याकडे जड असतो, म्हणून चार अँकर बोल्टनी जमिनीला पक्का केला. फरशीवर बोल्ट मारू नका, तडकते. तेवढी फरशी काढून काँक्रीटमध्ये मारा.

आणि खरं विचाराल तर, तुमच्यापैकी बहुतेकांनी प्रेस घेऊच नये. वर्षातून दोनदा बेअरिंग बदलायचं असेल तर अंबडला जा, पैसे द्या, काम करून आणा. पंख्याच्या, मिक्सरच्या छोट्या बेअरिंगला तीन पायांचा पुलर आणि बाकावरचा व्हाइस पुरतो. ज्याला जुनी स्कूटर उभी करायची आहे, ज्याचा हात रोज लोखंडाला लागतो, त्याने घ्यावा. आणि कमी पैसे असतील तर थांबावं, जमवावे, जुना पण चांगला बघावा. माझ्या पहिल्या प्रेसचे साडेसहा हजार पूर्ण गेले. दुसऱ्याला दहा वर्षं झाली, सील एकदा बदललं. सोसायटीच्या पंपाची तीन बेअरिंगं, जनरेटरचं एक, आणि मोठ्या गेटच्या चाकाचे बुश त्यावर झाले. पैसे मी घेत नाही. घेतले तर तो धंदा होईल आणि मग कमिटीचं दुसरं पत्र येईल.

शेजारचा मुलगा आता मोठा झाला, नोकरीला आहे पुण्यात. मागच्या दिवाळीत आला होता. गॅरेजमध्ये येऊन प्लेटवरून हात फिरवला, गेजची लाल रेघ बघितली. मग दाराकडे गेला आणि भोकासमोर उभा राहिला. ते आता त्याच्या कमरेच्या थोडं वर येतं.

प्रश्न असतील तर विचारा. हं, काकू? ... काकू विचारताहेत की यावर शेंगदाण्याचं घाण्याचं तेल निघेल का. निघेल, तत्त्व तेच आहे. पण वरून जॅकच्या तेलाचा थेंब त्यात पडला तर तुम्हाला कळणार नाही, म्हणून माझ्या प्रेसवर नको. वडे गार होताहेत, बाकीचे प्रश्न खाता खाता घेऊ.